नेम कसा टिकला

आपल्या दिंडीला शंभर वर्षं पूर्ण झाली. स्मरणिका काढायचं ठरलं तेव्हा मंडळी म्हणाली, "महाराज, इतिहासाचं तुम्ही लिहा." माझं शिक्षण चौथीपर्यंत. कीर्तनात दोन तास उभा राहिलो तर अडत नाही, पण कागद पुढं आला की हात जड होतो. तरी जे वाचनात आलं, जुन्या माणसांच्या तोंडून ऐकलं आणि पंढरीच्या वाटेवर डोळ्यांनी पाहिलं, ते जमेल तसं मांडतो. बरं ते घ्यावं, उणं ते सोडून द्यावं. संतांचे अभंग आणि ओव्या आपल्याला पाठच आहेत, म्हणून इथं नुसता अर्थ सांगतो.

दिंडी कुणी काढली, वीणा कुणाकडून कुणाकडं आली, बैलगाडी जाऊन ट्रक कधी आला, हे सगळं या अंकात दुसऱ्यांनी लिहिलेलं आहे. मी एकच गोष्ट घेतो. ती म्हणजे नेम.

माणूस चांगलं करायचं ठरवतो आणि आठ दिवसांत सोडून देतो, हे आपण घरोघरी बघतो. पहाटे उठायचं ठरवलं, चार दिवस उठला. तंबाखू सोडली, पोळ्यापर्यंत टिकला, मग पुन्हा चंची निघाली. शिकलेल्याचं तसंच, अडाण्याचंही तसंच. आणि इकडं आपल्या पंथात माळ, एकादशी, हरिपाठ आणि वारी हा नेम शेकडो वर्षं चालू आहे. तो चालवणारी माणसं काही राजेमहाराजे नव्हती. कुणबी, माळी, कुंभार, न्हावी, शिंपी, महार, मोलकरीण, अशी पोटामागं धावणारी माणसं होती. त्यांचं मन आपल्यापेक्षा घट्ट होतं असं मी मानत नाही. मग नेम टिकला कसा? माझ्या समजुतीप्रमाणं, संतांनी नेम कधी माणसाच्या एकट्या मनावर टाकला नाही. तो तिथीवर टाकला, कामावर टाकला, गळ्यातल्या माळेवर टाकला आणि शेजारी चालणाऱ्या माणसावर टाकला. म्हणून तो टिकला. हेच थोडं विस्तारानं सांगतो.

मन पळतं हे आधी मान्य केलं

पंढरीची वारी माउलींच्या आधीची. माउलींच्या घराण्यात वारी होती असं परंपरा सांगते. पंढरपूरच्या देवळात चौऱ्याऐंशीचा शिलालेख म्हणून जो दगड आहे, तो शके ११९५ ते ११९९ मधला, म्हणजे १२७३ ते १२७७ सालचा. यादवांच्या राज्यात देवाला कुणी काय दिलं याची नोंद त्यावर आहे. तेव्हा माउली अजून लेकरू होते. म्हणजे लोक आधीपासून पंढरीला येत होते, देत होते. माउलींनी त्या चालत्या पायांना विचार दिला.

शके १२१२, म्हणजे १२९० साली, नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगून झाली. तिचा सहावा अध्याय काढून बघा. अर्जुनासारखा धनुर्धारी, ज्याचा बाण चुकत नव्हता, तो देवाला म्हणतो की हे मन मला आवरत नाही, वारा धरून ठेवण्यासारखं हे काम आहे. देव त्याच्यावर रागावले नाहीत. तुझं म्हणणं खरं आहे, मन चंचल आहे, असं त्यांनी आधी कबूल केलं. मग सांगितलं की अभ्यासानं आणि वैराग्यानं ते हाती येतं. आपण अभ्यास म्हणजे पोरांच्या शाळेचा अभ्यास समजतो. इथं अभ्यास म्हणजे तीच गोष्ट पुन्हा पुन्हा करणं.

बाराव्या अध्यायात माउलींनी तर फारच सोपं करून ठेवलंय. मन आणि बुद्धी सगळीच्या सगळी मला देता येत नसली तर आठ प्रहरांतला एक निमिषभर वेळ तरी दे, असं देव म्हणतात. तेवढ्या वेळापुरतं मन दुसरीकडून निघेल. मग शरद ऋतू लागला की नदीचं पाणी जसं हळूहळू ओसरतं, किंवा पुनवेचा चंद्र जसा रोज थोडा थोडा घटत अवसेला दिसेनासा होतो, तसं मन प्रपंचातून निघत जाईल. त्याच्या पुढं अभ्यासाचा महिमा सांगितलाय. अभ्यासानं वाघ आणि साप माणसाळतात, विष अंगी लागतं, समुद्रातसुद्धा पायवाट होते.

आता हा दृष्टांत आपण शेतकऱ्यांनी नीट ऐकावा. पुनवेची अवस एका रात्रीत होत नाही, पंधरा रात्री लागतात. आणि एका रात्रीतून दुसऱ्या रात्रीत किती फरक पडला ते डोळ्याला कळतही नाही. माणूस नेम सोडतो तो इथंच. दोन दिवस केलं, काही दिसलं नाही, सोडून दिलं. माउली सांगतात, दिसत नसलं तरी घट चालू आहे.

कामाला नाम बांधलं

दुसरी गोष्ट संतांनी अशी केली की नेमासाठी निराळा वेळ मागितला नाही. मागितला असता तर कष्टकऱ्याला तो देता आलाच नसता. सावता महाराज अरणचे, माढा तालुक्यातले. मळ्यातलं काम हीच त्यांची पूजा, आणि पंढरीला न जाता त्यांनी मळ्यातच देव पाहिला असं परंपरा सांगते. तेरला गोरोबाकाका माती तुडवताना नाम घेत होते. जनाबाई नामदेवरायांच्या घरी राबणारी. दळण, कांडण, झाडलोट, पाणी, गोवऱ्या, यातलं एकही काम तिला चुकलं नाही, आणि त्यातलं एकही काम नामाशिवाय झालं नाही.

यात फार मोठं शहाणपण आहे. जातं तर रोज फिरणारच. मोट रोज चालणारच. त्या न चुकणाऱ्या कामाला नाम बांधलं की नामही चुकत नाही. दाव्याला बांधलेलं वासरू गाईच्या मागं आपोआप जातं, तसंच हे. माझी आई लिहायला-वाचायला शिकली नव्हती, पण जात्यावर बसली की पांडुरंग आणि रुक्मिणीच्या ओव्या सुरू व्हायच्या. पुढं गावात गिरणी आली, जातं कोपऱ्यात गेलं, आणि कित्येक घरांतल्या ओव्याही त्याबरोबर गेल्या. काम सुटलं की त्याला बांधलेलं नामही सुटतं, म्हणून ते नव्या कामाला पुन्हा बांधावं लागतं. आज दूध घालायला डेअरीत जाणारा पोरगा रांगेत उभा असतो, तेवढ्यात हरिपाठाचे चार अभंग होतात. बांधणारा पाहिजे.

तिथी, माळ आणि हरिपाठ

एकादशी महिन्यात दोन, वर्षाला चोवीस, अधिक मास आला तर सव्वीस. ज्याच्या घरात पंचांग नव्हतं त्यालाही चंद्रावरून तिथी कळायची. "मला वाटेल तेव्हा उपास करीन" असं म्हणणाऱ्याचा उपास होत नाही. तिथी आपण ठरवलेली नसते, ती आभाळातून येते, म्हणून तिच्याशी वाद घालता येत नाही. आणि गावात सगळ्यांची एकादशी एकाच दिवशी असते. शेजारच्या चुलीवरही भाकरी नसते. मग मोह कुणाचा होणार?

माळेचंही तसंच. एकशे आठ मण्यांची तुळशीची माळ. ती घालताना सांगितलं जातं की मांस-मद्य वर्ज्य, परस्त्री मातेसमान, खोटं बोलू नये, एकादशी धरावी, हरिपाठ म्हणावा, वर्षातून पंढरी आणि आळंदी करावी. ही सगळी यादी रोज मनात घोळवत कोण बसणार? पण माळ गळ्यात आहे. आंघोळीला ती हाताला लागते, निजताना लागते. आणि दुसऱ्यालाही ती दिसते. लग्नाच्या मांडवात कुणी ताट पुढं केलं आणि गळ्यात माळ दिसली, तर वाढणाराच हात मागं घेतो. आपल्याला नाही म्हणायचीही वेळ येत नाही. जुन्या माणसांत माळ तुटली तर ती ओवून गळ्यात येईपर्यंत तोंडात घास घालत नसत. माझ्या आजानं एकदा नांगरटीत तुटलेल्या माळेचे मणी तासातून वेचून काढले होते, दुपार टळेपर्यंत. भाकरी झाडाखाली तशीच फडक्यात राहिली.

हरिपाठ माउलींचा आहे, तसाच निवृत्तिनाथांचा, नामदेवरायांचा, नाथांचा आणि तुकोबांचाही आहे. माउलींचा हरिपाठ सत्तावीस-अठ्ठावीस अभंगांचा. एका बैठकीत होतो, पुस्तक लागत नाही, ऐकून ऐकून पाठ होतो. दिवेलागणीला देवळात टाळ वाजला की चालू. नेम लहान ठेवला म्हणून तो पेरणीतही झाला आणि सुगीतही झाला. कुणी सुरुवातीलाच ज्ञानेश्वरीचा रोज एक अध्याय धरतो, आषाढात धरतो आणि श्रावणात सोडतो. त्यापेक्षा पाच ओव्या धराव्यात आणि मरेपर्यंत धराव्यात.

खंड पडला तेव्हा काय केलं

सगळं सुरळीत चाललं असं मात्र नाही. १२९६ साली माउलींनी आळंदीला समाधी घेतली. नामदेवराय पंजाबापर्यंत कीर्तन घेऊन गेले, शिखांच्या ग्रंथसाहेबात त्यांची एकसष्ट पदं आहेत. पण पुढं राज्यं बदलली, धामधूम झाली. हातानं नकला करता करता ज्ञानेश्वरीत पाठ घुसले, चुका झाल्या. पैठणच्या एकनाथ महाराजांनी शके १५०६, म्हणजे १५८४ साली, ती शुद्ध केली. नाथ लहान वयात देवगिरीला जनार्दनस्वामींकडं होते. हिशेबात एका पैची चूक लागेना म्हणून ते रात्रभर दिवा लावून बसले, आणि ती सापडल्यावर आनंदानं टाळी वाजवली, अशी कथा आपण कीर्तनात सांगतो. स्वामी म्हणाले, एका पैच्या चुकीसाठी एवढं मन लागतं, तेच देवाकडं लावलं तर काय होईल! पुढं ज्यानं ज्ञानेश्वरी ओवी ओवी करून तपासली तो हाच. लहानपणी हिशेबाला लागलेली सवय म्हातारपणी ग्रंथाला कामी आली.

तुकोबारायांच्या घराण्यात विश्वंभरबाबांपासून पिढ्यान् पिढ्या पंढरीची वारी. १६३० च्या सुमारास जो दुष्काळ पडला त्यात त्यांची पहिली बायको गेली, मूल गेलं, व्यापार बुडाला. असा माणूस काही धरायचं सोडून बसला असता तर कुणी नाव ठेवलं नसतं. त्यांनी काय केलं? पडलेलं देऊळ नीट केलं. कीर्तनात मागं उभं राहून धृपद धरायला सुरुवात केली. संतांची वचनं पाठ केली. कर्जाचे कागद होते, त्यातला भावाचा वाटा भावाला दिला आणि आपल्या वाट्याचे इंद्रायणीत सोडले. बघा, एवढा मोठा माणूस, पण सुरुवात दुसऱ्याच्या मागं उभं राहून केली. पहिल्याच दिवशी पुढं उभं राहायची घाई केली नाही. हे आम्हा कीर्तनकारांनी जास्त ध्यानात ठेवावं.

प्रत्येकाला जागा ठरवून दिली

तुकोबांचे धाकटे चिरंजीव नारायण महाराज. यांचा जन्म वडील वैकुंठाला गेल्यावरचा, म्हणजे वडिलांचं तोंडही त्यांनी पाहिलं नाही. त्यांनी १६८५ साली तुकोबांच्या पादुका पालखीत घातल्या, आळंदीला जाऊन माउलींच्या पादुका घेतल्या आणि दोन्ही मिळून पंढरीला नेल्या. आधी जो तो आपापल्या गावाहून निघायचा. पालखीमुळं वाटेला एक मधला खांब मिळाला.

पुढं एकोणिसाव्या शतकात हैबतरावबाबा आरफळकर आले. सातारा जिल्ह्यातल्या आरफळचे, शिंदे सरकारच्या फौजेतले सरदार. सगळं सोडून ते माउलींच्या पायाशी येऊन राहिले आणि माउलींचा वेगळा पालखी सोहळा उभा केला. अंकलीच्या शितोळे सरदारांनी घोडे आणि तंबू दिले, वासकर महाराजांसारखे फडकरी उभे राहिले. हैबतबाबांनी फौजेची शिस्त आणली पण तिच्यातली तलवार बाहेर ठेवली, असं मी कीर्तनात म्हणत असतो. प्रत्येक दिंडीला नंबर दिला. रथापुढं कोण, रथामागं कोण, हे ठरलं. मुक्काम ठरले. पहाटे काकडा, मग भूपाळ्या, मग वाटचालीचे अभंग, सांजेला हरिपाठ, रात्री कीर्तन, असा कोणत्या वेळेला काय म्हणायचं याचा क्रम ठरला. जेजुरी आली की खंडोबाचे अभंग, हे पायांनाच माहीत झालं. कर्णा तीन वेळा वाजतो. पहिल्याला आवरायचं, दुसऱ्याला रांगेत यायचं, तिसऱ्याला पालखी हलते. कुणाला हाक मारायला लागत नाही.

समाजआरतीची रीत तर बघण्यासारखी आहे. मुक्कामावर सगळ्या दिंड्या गोल उभ्या राहतात, टाळ वाजत असतात. चोपदारांनी चोप वर केला की एवढा समाज एका क्षणात गप्प होतो. पण एखाद्या दिंडीची तक्रार असली तर ती टाळ वाजवणं थांबवत नाही. चोपदार तिथं जातात, गाऱ्हाणं ऐकतात, मग टाळ थांबतात. म्हणजे शिस्त आहे, पण तोंड दाबलेलं नाही. ज्या शिस्तीत गाऱ्हाणं सांगायला जागा असते तिला माणूस कंटाळत नाही.

हैबतबाबा आज कुठं आहेत? आळंदीला महाद्वाराच्या पायरीशी. कार्तिकीच्या सोहळ्याची सुरुवात त्या पायरीच्या पूजेनं होते. ज्यानं सगळ्यांना जागा दिल्या त्यानं आपली जागा लोकांच्या पायाखाली घेतली.

शेतकऱ्याला हे सगळं एका दृष्टांतात कळतं. नवा खोंड औताला शिकवायचा असला तर दोन नवे खोंड एका जुवाखाली जुंपत नाहीत. एक जुना बैल आणि एक नवा. जुना तास सोडत नाही, म्हणून नव्यालाही सोडता येत नाही. चार दिवस ओढाताण करतो, मग पाय लागतात. दिंडीत आपण हेच करतो. नवा पोरगा आला की त्याला जुन्या टाळकऱ्याच्या शेजारी उभा करतो. वारीची वाट सुमारे अडीचशे किलोमीटर, अठरा-वीस दिवसांची. तिसऱ्या दिवशी पायाला फोड येतात आणि मन म्हणतं, एसटी धर आणि घरी जा. पण शेजारचा सत्तर वर्षांचा म्हातारा पावली टाकत चाललेला असतो. त्याच्याकडं बघून पोरगा गप चालतो.

सप्ताहातही तीच युक्ती आहे. सात दिवस, सात रात्री वीणा खाली ठेवायचा नाही. एका माणसाला हे शक्य आहे का? नाही. म्हणून पहारे लावतात. ज्याचा त्याचा पहारा ठरलेला. रात्री दोनचा पहारेकरी झोपला तर आधीच्याला वीणा गळ्यातच ठेवून उभं राहावं लागतं, हे त्याला माहीत असतं, म्हणून तो उठतो. स्वतःसाठी न उठणारा माणूस दुसऱ्यासाठी उठतो.

आणि एक गोष्ट जुन्या लेखांत फारशी कुणी लिहीत नाही, ती इथं लिहिली पाहिजे. माउलींचं प्रस्थान ज्येष्ठ वद्य अष्टमीला. म्हणजे मृगाच्या पेरणीचे ते दिवस. माझा बाप वारीला निघाला की औत, जनावरं, पेरणी राहिली असली तर ती, सगळं आईच्या अंगावर पडायचं. वारीला एक माणूस गेला तरी नेम सगळ्या घराचा असतो. शंभर वर्षांत आपल्या दिंडीत किती पुरुष चालले याच्या वह्या आहेत. त्यांच्या मागं किती बायांनी पाभर धरली याची वही नाही. या शताब्दीला तो मान त्यांना द्यावा अशी माझी विनंती आहे. आता बायाही तुळस डोईवर घेऊन दिंडीत बरोबरीनं चालतात, ही आनंदाची गोष्ट आहे. मग कधीमधी घरची धार आपणही काढायला हरकत नाही.

नेम आणि रूढी

इथपर्यंत नेमाची बाजू सांगितली. पण सवय म्हटली की ती वाईटाचीही लागते, आणि देवाच्या दारातही लागते. चोखोबाराया मंगळवेढ्याचे. नामदेवरायांचे सोबती, त्यांचे अभंग आपण रोज गातो. १३३८ साली मंगळवेढ्याला गावकुसाचं काम करताना भिंत पडून ते गेले. नामदेवरायांनी त्यांच्या अस्थी आणून महाद्वारापाशी समाधी दिली. दारापाशी, आत नाही. कारण जिवंतपणी त्यांना आत जाऊ दिलं नव्हतं. त्यानंतर सहाशे वर्षं वारी चालली. लाखो लोक त्या समाधीला हात लावून आत गेले आणि चोखोबांचे जातभाई मात्र बाहेर उभे राहिले. कुणाला चुकल्यासारखं वाटलं नाही, कारण सवय झाली होती. साने गुरुजींनी १९४७ साली १ मेपासून १० मेपर्यंत पंढरपुरात उपोषण केलं, तेव्हा ते दार उघडलं.

मला यातून एवढं कळलं. नेम आणि रूढी बाहेरून सारखीच दिसतात. दोन्ही रोजच्या रोज होतात, दोन्ही बापाकडून पोराकडं येतात. फरक ओळखायची खूण एकच. नेम केल्यावर माणूस दुसऱ्याच्या पाया पडतो. रूढी केल्यावर दुसऱ्याला लांब उभं करतो. वारीत लहानथोर एकमेकांच्या पाया पडतात, ती आपली रीत या सगळ्याची किल्ली आहे. पाया पडायची रीत होती आणि तरी दार बंद होतं, म्हणजे पाया पडणंही नुसतं हाताचं झालं होतं. म्हणून नेमाला अधूनमधून उजेडात धरून बघावं लागतं, जसं बियाणं पेरायच्या आधी सुपात घेऊन बघतो.

आपल्या दिंडीपुढचं काम

१९७२ च्या दुष्काळात मी पोरसवदा होतो. गावातली सगळी माणसं दुष्काळी कामावर खडी फोडायला. खायला मिलो आणि सुकडी. हातांना घट्टे पडलेले, टाळ धरवत नव्हता. तरी सांजेला कामावरच, खडीच्या ढिगाशेजारी हरिपाठ व्हायचा. टाळ नव्हते म्हणून टाळ्या. कुणी कुणाला "दुःख सोसा" असं सांगितलं नाही. दिवस मावळला, हरिपाठाची वेळ झाली, म्हणून हरिपाठ झाला. त्या दिवसांत एवढी एकच गोष्ट जागच्या जागी होती, असं आमची माणसं नंतर सांगायची.

२०२० आणि २०२१ साली कोरोनामुळं पायी वारी झाली नाही. माउलींच्या आणि तुकोबांच्या पादुका एसटीनं पंढरीला गेल्या. आपल्या दिंडीतली म्हातारी माणसं त्या महिन्यात पहाटे उठून बसायची आणि आज मुक्काम सासवड, आज वाल्हे, आज लोणंद असं म्हणत घरातच भजन करायची. पाय थांबले पण तिथी थांबली नाही. २०२२ ला वाट उघडली तेव्हा दिंडी पुन्हा उभी राहायला अडचण आली नाही, ती यामुळं.

आता एक आपल्याच दिंडीतली गोष्ट. नाव लिहीत नाही. एक माणूस दारूत बुडालेला. जमीन गहाण, बायको माहेरी. कार्तिकीला आळंदीत माळ घातली आणि चार महिने थेंबाला शिवला नाही. मग एका लग्नात पाय घसरला. दुसऱ्या दिवशी त्यानं स्वतःच माळ काढून खुंटीला अडकवली आणि देवळात यायचं बंद केलं. त्याला वाटलं, आता आपण बाटलो, आपलं संपलं. आपले तेव्हाचे वीणेकरी सांजेला त्याच्या दारात गेले. दारूचा विषय नाही, उपदेश नाही. खुंटीवरची माळ काढून त्याच्या हातात दिली आणि म्हणाले, "चल, हरिपाठाला उशीर होतोय. तुझ्या जागेवर कुणी उभं नाही." तो उठला. पुढंही तो एकदा पडला, पुन्हा वीणेकरी गेले. त्यानंतर वीस वर्षं तो टाळकरी म्हणून चालला आणि माळेसकटच गेला.

माझ्या कीर्तनानं एवढं काम केलं असतं का, मला शंका आहे. त्या माणसाला मोठा विचार लागत नव्हता. त्याला आपली जागा रिकामी आहे हे कळायला पाहिजे होतं.

म्हणून पुढच्या शंभर वर्षांसाठी मंडळींना माझं सांगणं आहे. तरुण पोरं पुण्या-मुंबईला कामाला आहेत. कुणाला वीस दिवस रजा मिळत नाही. कुणी दिवेघाटापुरता येतो, फोटो काढतो आणि जातो. त्याला आपण हसतो. हसू नये. माउलींनी आठ प्रहरांतलं एक निमिष मागितलं, मग आपण वीस दिवसांतला एक दिवस का नाकारावा? पण त्याला मोकळा सोडू नये. टाळ हातात द्यावा, रांगेत जागा दाखवावी, शेजारी जुना माणूस द्यावा, वहीत नाव लिहावं आणि पुढच्या वर्षी त्याच दिवशी त्याच जागेवर बोलवावं. घरी गेल्यावर सगळा हरिपाठ झेपत नसेल तर एक अभंग सांगावा, पण वेळ ठरवून सांगावा. आणि तो नाही आला तर फोन करून बोल लावण्यापेक्षा त्याच्या दारात जावं.

दिंडीत नवे नियम वाढवू नयेत. आहेत ते थोडे आहेत म्हणून टिकले. दिंडीत जात विचारली जाऊ नये, पंगतीला बाई शेवटी बसू नये, आणि कुणाचं गाऱ्हाणं असलं तर त्याचा टाळ थांबवण्याआधी ते ऐकलं जावं. एवढं सांभाळलं तर नेम आपोआप सांभाळला जाईल.

शंभर वर्षांपूर्वी आपल्या गावची मोजकी माणसं पाठीवर पडशी टाकून निघाली. पडशीत ज्वारीचं पीठ, मीठ-मिरची आणि एक घोंगडं. आपली दिंडी शंभर वर्षं चालेल असा संकल्प करून ती निघाली नव्हती. तिथी आली म्हणून निघाली होती. येत्या ज्येष्ठातही तिथी येणार आहे. निघण्याच्या आदल्या रात्री मारुतीच्या देवळात जागांची यादी वाचली जाईल. ज्यांना यायचं आहे त्यांनी आपली नावं आधी लिहून द्यावीत, आणि प्रत्येक जुन्या माणसानं आपल्या शेजारी एक नवा माणूस लिहावा.

रामकृष्णहरी.